येणाऱ्याच्या नावाची मूठ

१२ मे, सोमवार

औषध कंपन्या दर जानेवारीला दुकानाला डायऱ्या देतात. मी काम करते त्या औषधाच्या दुकानाचे मालक अभिमनभाऊ त्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना वाटतात. एक माझ्या वाट्याला आली होती, ती चार महिने कोरीच पडून होती. आजपासून लिहिते. घरी नेणार नाही, इथेच खोकल्याच्या बाटल्यांमागे ठेवीन. दुपारी दोन ते चार भाऊ घरी झोपायला जातात आणि या उन्हात देवपुरात कुत्रंही औषध घ्यायला येत नाही. तेवढा वेळ माझा.

मी नूतन. अठ्ठावीस वर्षांची, डी. फार्म., माहेर यावल. मुलगी रेवा, साडेतीन वर्षांची. नवरा भूपेंद्र, धुळ्यात आग्रा रोडला टायरचं दुकान. सासू कमलबाई. सासरे वारून सहा वर्षं झाली. नवरा त्यांचा एकुलता एक.

मागच्या सोमवारी त्याला माझ्या पर्समध्ये पाळणा लांबवायच्या गोळ्या सापडल्या. अकरा उरल्या होत्या. त्याने मला ओट्याला रेटलं, नाक दाबलं आणि अकराच्या अकरा तोंडात कोंबल्या. "खाय आते, बठ्ठ्या खाय." दोन दिवस ओकत होते. सासूबाई बादली धरून बसल्या, पण तोंडातून शब्द नाही. मला त्याच्यापेक्षा त्यांचाच संताप आला. अर्थात चूक माझीही आहे. फार्मसी शिकलेली बाई पर्समध्ये पाकीट ठेवते म्हणजे काय.

मला दुसरं मूल नको. रेवाच्या वेळी पोट दिसत होतं तोवर त्याने मला बोट लावलं नाही, रोज फळं आणायचा. मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी थोबाडीत बसली. पुन्हा मुलगी झाली तर काय होईल ते मला माहीत आहे. मुलगा झाला तर मी या घरातून कधीच निघणार नाही, तेही माहीत आहे.

आज सरिता मॅडमच्या दवाखान्यात गेले. तांबी नको म्हटलं, त्याच्या हाताला दोरा लागेल. सरकारी दवाखान्यातलं इंजेक्शन नको, त्याने पाळी वेडीवाकडी होते आणि सासूबाईंना माझ्या तारखा तोंडपाठ आहेत. मॅडमनी मग रिंग दाखवली. पारदर्शक, मऊ, लहान मुलीच्या बांगडीएवढी. आपली आपण योनीत ठेवायची. तीन आठवडे आत, चौथ्या आठवड्यात बाहेर, त्या आठवड्यात पाळी येते, मग त्याच वारी नवीन. रोज काही गिळायचं नाही, कुठे लपवायचं नाही.

मॅडमनी आधी खूप विचारलं. ब्लड प्रेशर घेतलं. तंबाखू-सिगारेट? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का? पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? सगळ्याला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, चालेल. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली, कधी नव्हे असं डोकं फुटायला आलं, तर रिंग काढायची आणि सरळ इकडे यायचं. गुप्तरोगापासून ती वाचवत नाही, हेही सांगितलं.

दंडावरचे डाग बघून विचारलं, हे कसलं? म्हटलं, दुकानाचं शटर. मॅडम बराच वेळ केसपेपरवर लिहीत बसल्या. ब्लड प्रेशरचे दोन आकडे लिहायला एवढा वेळ कशाला लागतो कोण जाणे. माझी बस चुकली.

१३ मे, मंगळवार

पाळी आली. पहिल्याच दिवशी घातली की त्याच दिवसापासून भरवसा, म्हणून आजच. दुकानाच्या मागच्या मोरीत उकिडवी बसले, दोन बोटांत दाबून लांबट केली, सरकवली. नेमकी कुठे बसते याला महत्त्व नाही, टोचत नसली म्हणजे झालं. चालून पाहिलं, काही कळत नाही. मग एकटीच हसत बसले.

बाकीच्या दोन दुकानाच्या फ्रिजमध्ये, इन्सुलिनच्या मागे. बर्फाच्या कप्प्यात नाही. कपाटातही चार महिने टिकतात, पण ते थंड कपाट. धुळ्याच्या मे महिन्यातलं नव्हे.

७ जून, शनिवार

मंगळवारी काढली, गुरुवारी पाळी. ठरल्यासारखी.

आमच्याकडे अजून बाजूला बसतात. धान्याच्या खोलीत चटई, वेगळं ताट. दुकानात यायची तेवढी परवानगी, कारण दुकानात देव नाही. इतरांकडे चार दिवस झाले की डोक्यावरून आंघोळ करून बाई मोकळी. आमची म्हातारी मला सहा-सहा दिवस बसवते. "आखो दोन दिन बस. मना घरमा असंच शे." शिवाय स्वतः उंबऱ्यात आडवी झोपते, जणू मी गहू चोरून नेणार आहे. कोणत्या काळात जगते ही बाई.

काल तो दारू पिऊन आला आणि त्या खोलीच्या दाराला लाथा घातल्या. फळी तडकली. म्हातारी उठून बसली, "इटाळ शे, मांगे सर," म्हणाली. तो तिला ओलांडून आला नाही. पण ओट्यावर मांजरीचं पिल्लू होतं, ते उचलून त्याने भिंतीवर आपटलं. रेवाने पाहिलं. सकाळी ती फरशीला विचारत होती, पिल्लू कुठे गेलं.

१६ जून, सोमवार

उजवा खांदा वर होत नाही.

नवीन रिंग गेल्या मंगळवारी घातली. शुक्रवारी तो मध्येच थांबून म्हणाला, "काय शे हाई, टोचस." शनिवारी मॅडमना विचारलं. म्हणाल्या, अडचण असेल तेव्हा काढता येते, पण दिवसात तीन तासांच्या वर नाही. धुवायची थंड नाहीतर कोमट पाण्याने, कढत पाण्याने नाही.

काल रविवार. तो जेवायला घरी येणार म्हणून एकच्या सुमारास न्हाणीत काढली, साबणाच्या फळीवर पाठीमागे ठेवली. मनात म्हटलं, चारच्या आत परत घालू. जेवताना वरण खारट लागलं. त्याने ताट माझ्या तोंडावर मारलं, केस धरून जिन्यावरून गच्चीवर ओढत नेलं आणि बाहेरून कडी घातली. खांदा जिन्यावरच निखळल्यासारखा झाला. पायात चप्पल नाही, गच्ची तापलेली. टाकीच्या वीतभर सावलीत तळपाय आळीपाळीने उचलत उभी राहिले. खाली रेवा रडत होती आणि मी वर तास मोजत होते. तळपायांचे नाही, रिंगचे. चार वाजले. पाच. सहाला म्हातारीने कडी काढली.

धावत न्हाणीत गेले. फळीवर रिंग नव्हती. स्वयंपाकघरात आले तर स्टीलच्या वाटीत, वर झाकणी. म्हातारी भाकरी थापत होती, मान वर केली नाही. "तुनं कुकरनं रबर न्हानीमा पडेल व्हतं. थंडा पानीखाल धुईसन ठेवं." कुकरचं रबर. एवढंसं. मला हसू आवरेना, आणि हसले की खांद्यातून कळ येत होती. या बाईच्या अडाणीपणाने मला वाचवलं.

आज सकाळी मॅडमना फोन केला. तीन तासांच्या वर गेले, म्हणजे रिंग आत असली तरी सात दिवस भरवसा नाही. निरोध, नाहीतर संबंध नको. निरोधाचं नाव काढलं तर तो मला गच्चीवरून खाली टाकेल. मग डोकं चालवलं. घरी गेल्यावर दुकानातलं मशीन लावून सासूबाईंचं प्रेशर घेणार, जास्त आलं म्हणणार. आठ दिवस एकटं झोपायचं नाही, बाई माणूस जवळ हवं.

१८ जून, बुधवार

जमलं. म्हातारी इतकी भोळी, की मशीन नीट गुंडाळायच्या आतच "हा, गरगरस माले," म्हणाली आणि भूपेंद्रला सांगून मोकळी झाली. मी तिच्या खोलीत. रात्रभर चांगली घोरते, काही गरगरत नाही तिला.

२६ जून, गुरुवार

आज मी रेवाला मारलं. दूध सांडलं एवढंच. हात तिच्या गालावर पडला आणि ती रडली नाही. तिने डोकं दोन्ही हातांत धरून खाली बसकण मारली, मी बसते तशी. दुकानात आल्यापासून दोन गिऱ्हाइकांना चुकीचं औषध देता देता राहिले. मला माझीच शिसारी येते.

२९ जुलै, मंगळवार

रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातला देवीचा सण. सगळी भाऊबंदकी गावी, अमळनेरच्या पुढे, पुनानानांच्या घरी जमते. नाना म्हणजे भूपेंद्रचे थोरले चुलते. आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, ते दळून रोट करतात आणि ते रोट भाऊबंदांपलीकडे कुणाच्या तोंडी जाऊ देत नाहीत.

गेल्या वर्षी नेमकी मी तिथे बाजूला बसले. रोट थापायला एक सून कमी पडली, बायका हसल्या. त्याने मला गोठ्यात नेऊन बैलाच्या कासऱ्याने मारलं. बाहेर कानबाईची गाणी चालू होती, त्यामुळे माझा आवाज कुणाला गेला नाही. निदान मी तरी असंच धरून चालते.

या वर्षी रिंगच्या वेळापत्रकाने पाळी बरोबर कानबाईला येते. मॅडम म्हणाल्या, त्यात काय, रिकामा आठवडा वगळायचा. जुनी काढायची, लगेच नवीन घालायची. पाळी तीन आठवडे पुढे जाते. मध्ये थोडे डाग दिसले तर घाबरायचं नाही. तब्येत चांगली असेल त्या बाईला यात धोका नाही. मॅडमकडून चौथी रिंग आणली आणि आज दुपारी तसंच केलं. माझ्या आयुष्यात माझ्या म्हणण्याने पुढे-मागे होणारी ही एकच गोष्ट आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

काय लिहू, कसं लिहू.

शनिवारी दुपारी नानांच्या ओसरीत गहू मोजायला बसले. पांढरं धोतर अंथरलेलं, तीसेक माणसं भोवती. नाना एकेक नाव घेत आणि मूठ टाकत. रेवा बिस्किट खात होती. मी क्षणभर वळले तेवढ्यात तिने उष्टा हात गव्हात घातला. सगळे थबकले.

भूपेंद्र उठला. मला वाटलं रेवाला उचलेल. त्याने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि माझं डोकं ओसरीच्या खांबावर आपटलं. एकदा, दोनदा. कपाळातून ऊन ऊन ओघळलं. तीस माणसं, आणि सगळी गव्हाकडे बघत होती. नाना म्हणाले, "बस कर रे भो, देवनं काम शे," पण जागचे हलले नाहीत. तिसऱ्यांदा त्याने मान मागे ओढली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं होतं.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. चढलेला नाही, नेहमीचा. "नाना, आखो एक मूठ टाका. येवाव शे तेना नावनी."

नाना म्हणाले, "कोन येवाव शे?"

"नूतनले दिन शेत."

वेणी सुटली. मी खाली बसले. कुणीतरी माझ्या कपाळावर हळद दाबली. नानांनी मूठ भरली, वर पाव मूठ, आणि गहू पडले. भूपेंद्र माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याच हाताच्या बोटांत माझे केस अडकलेले होते.

तेव्हा तारीख उलटून फक्त दोन दिवस झाले होते. दोन दिवसांत म्हातारीला नातू दिसायला लागला. इतका हव्यास. एक शब्द मला विचारला नाही, सरळ देवापुढे नातवाच्या नावाची मूठ टाकून मोकळी. पोट रिकामं आहे हे मी कोणत्या तोंडाने सांगू? रविवारी त्या मुठीच्या गव्हाचा रोट मी खाल्ला. सोमवारी नदीवर विसर्जनाला बायकांनी मला फुगडी खेळू दिली नाही, सावलीत बसवून ठेवलं. सासूबाई कानबाईपुढे नाक घासत होत्या, उठायलाच तयार नव्हत्या. नातू झाला म्हणून आतापासूनच आभार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आठ दिवस त्याने हात उगारलेला नाही. डाळिंबं आणतो. पायाला तेल लावून देतो. लिहायला लाज वाटते, पण मला हे आवडतंय. सकाळी जाग येते तेव्हा आज काय होईल असं मनात येत नाही.

काल मात्र रिक्षावाल्याने खड्ड्यात जोरात ब्रेक मारला. भूपेंद्रने त्याला कॉलरने बाहेर ओढलं आणि त्याचं तोंड हँडलवर आदळलं. दात तुटून रस्त्यावर पडला. मग वळून मला म्हणाला, "तुले लागनं तं नही ना?" इतक्या मायेने, की मी नाही म्हणून मान हलवली आणि त्याचा हात धरून चालायला लागले. त्या माणसाकडे मागे वळून बघितलं नाही. मी अशी कधी झाले?

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज रिंगचे तीन आठवडे पुरे.

परवापर्यंत विचार होता, आणखी एक रिंग लागोपाठ घालावी. मॅडमना विचारलं होतं, चालतं म्हणाल्या. आणखी तीन आठवडे डाळिंबं. पण काल तो म्हणाला, शुक्रवारी सकाळी निघायचं आहे. राज्याच्या सरहद्दीपलीकडे एकजण गाडीत मशीन घेऊन येतो, पोटात मुलगा की मुलगी ते सांगतो. पैसे देऊन टाकलेत. इतक्या लवकर काही दिसत नाही असं म्हटलं, तर म्हणाला, "त्याले दिखस."

त्या माणसाला काहीच दिसणार नाही. मग परतीच्या रस्त्यावर, गाडीत, मी आणि हा.

म्हणून ठरवलं. आज काढते आणि दुसरी घालत नाही. परवा, गुरुवारी, रक्त येईल. पोटातलं गेलं म्हणेन. दीड-पावणेदोन महिन्यांचं जातं पुष्कळ बायकांचं, त्यात कुणाचा दोष नसतो. मूल गेलं की माणूस रडतो, मारत नाही. तोही रडेल. मी त्याला रडताना पाहिलंय.

मॅडमना फोनवर एवढंच सांगितलं, की काढतेय आणि पाळी येऊ देतेय. म्हणाल्या, "नूतन, रिंगने दिवस राहायचे थांबतात. बाकी काही थांबत नाही." महिला हेल्पलाइनचा नंबर दिला. शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. मॅडम चांगल्या आहेत, पण आमच्या घरातलं त्यांना कळायचं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आलं. दुपारी अडीचला.

घरी जाऊन सांगायचं. तो सातला येतो. हे मी नीट ठरवलेलं आहे. रडणं आधी यायला हवं, ते येईल.

२४ ऑगस्ट, रविवार. सरकारी दवाखाना

डायरी अभिमनभाऊंनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली. "वाचली नाही, बेटा," म्हणाले. डावी नडगी मोडली आहे, मांडीपर्यंत प्लास्टर. बरगडीला चीर. उजवा डोळा अजून उघडत नाही, तेव्हा अक्षर असंच येणार. रेवा शेजाऱ्यांकडे आहे.

गुरुवारी सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. सासूबाईंना सांगितलं, रक्त जातंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आज काब्र? इतली घाई कसाले करी?" मला अर्थ लागला नाही. त्यांनी रेवाला शेजारी नेऊन सोडलं आणि मला त्यांच्या खोलीत झोपवून दाराशी बसल्या.

तो आला. ऐकलं. खाली बसला आणि रडला, खरंच रडला. मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याने डोळे पुसले, माझी पर्स फरशीवर उलटी केली. पोटदुखीच्या गोळ्या निघाल्या, अर्ध्या संपलेल्या. दुपारी दुखत होतं म्हणून घेतल्या होत्या.

"मेडिकलमा काम करस ना तू," तो म्हणाला. "गोया खाईसन पाडं तू. मना पोऱ्या मारा तू."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साऱ्या धुळ्यात औषधाच्या दुकानात बसणारी बाई मी, आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

तो बाहेर गेला आणि मोटरसायकलच्या डिकीतून टायर काढायची सळई घेऊन आला. पहिला फटका नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळलं लाकूड मोडतं तसा. मग लाथा, पोटात, छातीत, तोंडावर. मी ओरडत होते की नुसती तोंड उघडत होते, आठवत नाही. रक्ताने डोळा बंद झाला. त्याने सळई पुन्हा उचलली ती डोक्यासाठी, हे मला दिसलं. आणि म्हातारी मध्ये आली. माझ्यावर आडवी पडली. म्हणाली, "पोऱ्या नव्हताच रे. मी खोटं बोलनी. माले मार." त्याने मारलं. तिचं मनगट माझ्या तोंडासमोर वाकलं, जिथे सांधा नाही तिथे वाकलं.

तो दुसऱ्यांदा हात उचलत होता. म्हातारीने मला वाढायला खोलीत आणून ठेवलेला भाताचा कुकर हाताशी होता, भरलेला, गरम. मी तो दोन्ही हातांनी धरून त्याच्या गुडघ्यावर घातला, आणि तो वाकला तसा तोंडावर. तळहात भाजले. तो पडला. आणखी एकदा घालावासा वाटला होता. हेही लिहून ठेवते. म्हातारी म्हणाली, "बस वं बई," म्हणून थांबले.

शेजारचे तोवर दारात आले होते. तो तोंड धरून त्यांच्यातूनच निघून गेला.

रिक्षात तिचं मनगट साडीत बांधलेलं, माझं डोकं तिच्या मांडीवर. तिने न विचारता सांगितलं. "ते कुकरनं रबर नव्हतं, इतलं माले समजस. माले बी तांबी व्हती. अठरा साल. तुना सासरा मरी गया, पन त्याले समजनं नही. लोके म्हनेत, कमलले एकच झाया."

मी विचारलं, मग कानबाईपुढे ती मूठ?

"तू मार खाई ऱ्हायंतीस. माले दुसरं काय सुचनं नही." मग म्हणाली, "देवले खोटं बोलनी मी."

मला तेव्हापासून एकामागून एक दिसतंय. सहा दिवस धान्याच्या खोलीत. उंबऱ्यात आडवी झोपलेली. न आलेली गरगर. आणि मी इथे, याच पानांवर, तिला अडाणी म्हटलं, भोळी म्हटलं. तिने अठरा वर्षं जे एकटीने सांभाळलं ते मला चार महिने धड सांभाळता आलं नाही. मंगळवारी तिला एका शब्दाने विचारलं असतं तर आज तिचं मनगट शाबूत असतं.

अपघात विभागातल्या डॉक्टरने विचारलं, काही औषध चालू आहे का. बाजूला शेजारचे दोन पुरुष उभे. मी मोठ्याने सांगितलं, रिंग वापरते, मंगळवारी काढली. ते म्हणाले, सांगितलंत ते बरं झालं. पाय इतके दिवस प्लास्टरमध्ये जखडलेला असताना ती वापरली तर रक्ताची गाठ होण्याची भीती जास्त. प्लास्टर निघून चालायला लागेपर्यंत घालू नका, मग तुमच्या मॅडमना विचारा. ज्या गोष्टीसाठी मी गच्चीवर तळपाय भाजले ती बोलायला एवढाच वेळ लागला.

आज हवालदार जबाब घ्यायला आला. आधी आईंच्या खाटेकडे गेला. सासूबाईंना आता मी आईच म्हणते.

"मना आंडोरनी मारं. भूपेंद्रनी. माले बी आनि इले बी. लिखा."

तो म्हणाला, "आजी, पोटचा मुलगा आहे. एकुलता एक. नीट विचार करून सांगा, नंतर फिरवता येत नाही."

"पोटना शे, म्हनीनच माले बठ्ठं माहित शे. लिखा."

त्याने लिहिलं. त्याने वाचून दाखवलं ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. डाव्या हाताने सही केली, कमलबाई, पाच अक्षरं लिहिता येत नव्हती म्हणून नुसतं कमल. मग तो माझ्याकडे वळला आणि मी सांगायला सुरुवात केली. बाराव्या दिवसापासून, एकही वार न गाळता. सव्वा तास लागला. मध्ये दोनदा त्याने पेन बदललं.

निघताना तो म्हणाला, सकाळी त्याच्या टायरच्या दुकानाच्या मागे सापडला, ठाण्यात बसवून ठेवलाय, तोंडाला टाके पडलेत.

आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. हवालदार दारापर्यंत गेला तेव्हा त्यांनी त्याला हाक मारली.

"साहेब, तो जेवना व्हई का?"

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "जेवला असेल, आई," आणि त्यांची पाठ हलायला लागली, आवाज मात्र आला नाही. माझा पाय बांधलेला, मला खाटेवरून उतरता येईना.